मित्रास पत्र : दुपारी बंद राहणाऱ्या दवाखान्याचं गणित

सोलापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू लिहिलंस, "एनर्जी सिम्युलेशन हे मोठ्या कन्सल्टंटचं काम, आपल्यासारख्या छोट्या ऑफिसला ते झेपत नाही." इमारत आधी कॉम्प्युटरवर मॉडेल करून ती किती तापेल, किती वीज खाईल ते पाहणं, एवढंच तर ते! ते झेपत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. का, ते सविस्तर लिहितो.

पैशाचा प्रश्न राहिलेला नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2001 मध्ये आणलेलं एनर्जीप्लस हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इश्रे या एसी-इंजिनिअरांच्या भारतीय संस्थेने केलेल्या भारतीय शहरांच्या हवामान-फाइलींत आपलं सोलापूरही आहे : वर्षाचे 8,760 तास आणि तासातासाचं तापमान, आर्द्रता, ऊन, वारा.

अडतं ते वेळेवर. नकाशे मंजूर झाले, कॉलम उभे राहिले, काचेची ऑर्डर गेली की मग कुणाला तरी सर्टिफिकेट हवं असतं, आणि तेव्हा मॉडेल बनतं. त्यातून जाडजूड रिपोर्ट निघतो, इमारत मात्र तसूभरही बदलत नाही. शिवाय ईसीबीसी, म्हणजे इमारतींसाठीची ऊर्जा-बचत संहिता, 100 किलोवॅट वीज-जोडभारापासून पुढेच लागू, म्हणजे आपल्याकडच्या दवाखान्यांना, शोरूमना असलं कुणी विचारतही नाही. खरी गरज तर त्यांनाच आहे रे!

होटगी रोडच्या बाजूला दोन मजली दवाखान्याचं एसीचं काम करतोय. तुला सोलापूरची ओपीडी माहीत आहे : सकाळी अकरा ते दोन, मग शटर खाली, पुन्हा सहा ते नऊ. सॉफ्टवेअरमधलं तयार वेळापत्रक मात्र सकाळी आठ-नऊला उघडून पाचला बंद होणाऱ्या ऑफिसचं असतं. ते तसंच ठेवलं तर उत्तर साफ चुकतं. सव्वाशे मिलिमीटरचा उघडा स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि तीन-चार तासांनी ती उष्णता खाली सोडायला लागतो. पश्चिमेची नऊ इंची भिंत त्याहून उशिरा, रात्रीपर्यंत तापलेली. म्हणजे डॉक्टर सहाला परत येतात, नेमकी तेव्हाच वरच्या मजल्याची खोली सर्वांत जास्त भाजत असते. बाहेर ऊन उतरलेलं, आत मशीन पूर्ण ताकदीने पळतंय. आपल्या आजोळच्या माळवदाखाली दुपारी गार का वाटायचं, तेही याच हिशोबात बसतं : मातीचा तो जाड थर उष्णता आत यायलाच रात्र करायचा.

"दीडशे चौरस फुटाला एक टन एसी" या ठोकताळ्यात यातलं काहीच दिसत नाही. वरचा मजला आणि खालचा मजला, दोघांनाही तो सारखंच माप देतो. मग भीतीपोटी आपण अजून अर्धा टन वाढवतो. फिक्स्ड स्पीडचं, म्हणजे एकाच वेगाने चालणारं, असलं मोठं मशीन जुलै-ऑगस्टमध्ये पटकन खोली गार करून बंद पडतं. हवेतला दमटपणा मात्र काढत नाही, कारण त्यासाठी कॉइलला सलग चालायला वेळच मिळत नाही. पेशंट कुडकुडतात आणि अंग चिकटतंही.

म्हणून आता मी अख्खी इमारत मॉडेलमध्ये घालत बसत नाही. पहिल्या भेटीत आर्किटेक्टने कागदावर चार रेघा मारल्या, की वरच्या मजल्यावरची एकच पश्चिमेची खोली घेतो. एक खिडकी, एक दार, स्लॅब. खरी ओपीडीची वेळ, खरी माणसं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलतो : आधी छतावर पांढरी चायना मोझाइक, मग स्लॅबवर एक्सपीएस (उष्णता अडवणारी फोमची शीट), मग छज्जा, मग काच. सोलापूर साधारण 17.7 अक्षांशावर, 10 मेच्या आसपास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर महागड्या काचेआधी छताकडे पाहावं लागतं. मालकाला हे तोंडी सांगून पटत नाही. दोन आलेख शेजारी ठेवले की पटतं.

अमुक युनिट बिल येईल असं छातीठोक सांगायला हे मॉडेल नाही, ते माझ्या लेखी दुय्यम आहे. दोन पर्यायांतला कुठला बरा, एवढं ते नीट सांगतं आणि डिझाइनला तेवढं पुरतं. इमारत चालू झाल्यावर मात्र महावितरणची वर्षभराची बिलं मागून घ्यायची आणि महिन्यामहिन्याने मॉडेलशी ताडून पाहायची. एप्रिल जुळला आणि ऑगस्ट जुळला नाही, तर दमटपणाचा किंवा उघड्या दारांचा हिशोब तपासायचा. पुढच्या कामाला तेच आकडे उपयोगी पडतात; परदेशी लायब्ररीतले नाहीत. असा साठा आपल्या गावात, आपल्या लोकांनी करायला हवा असं मला फार वाटतं.

तुझ्या त्या शाळेची प्लिंथ अजून झाली नसेल तर नकाशा लगेच पाठव. उत्तर दिशा आणि खिडक्यांची मापं त्यावर हवीत. दुपारचं सत्र किती वाजता सुटतं आणि मे महिन्यात वर्ग उघडे असतात का, तेही लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सोलापूरचा मित्र