पडद्यावरची मिस्सा आणि धर्मग्राम

महोदय,

२०२० च्या टाळेबंदीत मोबाइलवर मिस्सा (कॅथलिक चर्चमधील सामुदायिक उपासना) पाहण्याची सवय लागली आणि निर्बंध उठून इतका काळ लोटल्यावरही आमच्या वसईतील धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समुदायात, काही घरांत ती टिकून आहे. आजारी, वृद्ध किंवा परगावी अडकलेल्यांसाठी ही सोय मोलाचीच आहे. धडधाकट माणसाने मात्र तिला चर्चमंदिराचा पर्याय मानावे, हे मला मनापासून खटकते. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, पडद्यातून हाती येत नाही, हे तर उघडच आहे. पण त्याहूनही महत्त्वाचे असे की, बायबलमधील, संत पौलाने करिंथकरांना (करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना) लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात श्रद्धावंतांना एका शरीराचे अवयव म्हटले आहे, आणि डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही, हे तेथे स्पष्ट सांगितले आहे. शेजारच्या बाकावरची विधवा बाई दोन रविवार दिसली नाही, तर तिसऱ्या रविवारी कोणीतरी तिच्या दारात जाते. घरी एकट्याने प्रार्थना करणाऱ्याला तिची अनुपस्थिती कळणार तरी कशी? धर्मगुरूंनी केवळ उपदेश न करता, दुरावलेल्या कुटुंबांना घरी जाऊन भेटावे आणि आम्ही प्रापंचिकांनीही त्यांच्यासोबत जावे, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, वसई