मंत्रिसाहेब, सरकारी पोर्टलचं वजन कमी करा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नव्वदच्या दशकापासून सॉफ्टवेअर लिहितोय. सुरुवात पतसंस्थांच्या फॉक्सप्रो प्रोग्रामपासून झाली, मग बँकिंग, मग वेब. तेव्हा ठेवी, कर्ज, व्याज, सगळा हिशोब करणारा प्रोग्राम १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मावायचा, आणि आज साध्या वेबपेजचंच वजन २ एमबीच्या वर असणं ही नेहमीची गोष्ट झालीये. मशीन हजारो पटीने फास्ट झाली तरी गावातल्या माणसाला ऑनलाइन अर्ज भरायला अर्धा दिवस लागतो, आणि याचा दोष त्या माणसाचा नाहीये, आमच्या धंद्याचा आहे.

होतं काय की फॉर्मवर तारखेचा एक डबा हवा असतो, त्यासाठी डेव्हलपर एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, घेतो, ती आपल्यासोबत आणखी दहा आणते, वर फ्रेमवर्क, म्हणजे सगळ्या पानाचा तयार सांगाडा, वर फिरते बॅनर, वर ट्रॅकिंगचे स्क्रिप्ट, आणि हे सगळं ऑफिसच्या वायफायवर भारी लॅपटॉपवर टेस्ट होतं, तिथे ते पळतं, म्हणून कंपनीचं बिल पास होतं. पण स्वस्तातल्या फोनला तेवढा जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा कोड, नुसता उतरवायचा नसतो, तो वाचून चालवायचाही असतो, आणि तिथेच पांढरा स्क्रीन येतो. लोक म्हणतात सर्व्हर डाऊन आहे. कधी खरंच असतो, पण बऱ्याच वेळा पानच त्या फोनला झेपत नसतं.

ओटीपीचं तर नीट समजून घ्या साहेब. बाई फॉर्म भरते, ओटीपी येतो, तो बघायला ती मेसेजमध्ये जाते, फोनची रॅम कमी म्हणून तेवढ्यात ब्राउझर ते पान मेमरीतून काढून टाकतो, ती परत येते तर पान नव्याने लोड झालेलं आणि भरलेलं सगळं गेलेलं. तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मग ती अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर जाऊन पैसे देऊन तोच फॉर्म भरून घेते. भरलेली माहिती टप्प्याटप्प्याने सेव्ह करणं हे काही मोठं संशोधन नाहीये, कुठलाही बरा प्रोग्रामर ते करून देईल, फक्त टेंडरमध्ये लिहिलेलं पाहिजे. तेच फोटोचं, २० ते ५० केबीतच फोटो पाहिजे म्हणून नागरिकाला का पळवायचं, फोटो लहान करायचं काम कोडच्या चार ओळी करतात!

आता एक खास आपल्या मराठीतली अडचण सांगतो, कारण ही दिल्लीच्या किंवा बंगळुरूच्या व्हेंडरला सहसा माहीत नसते. कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांतला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि वर एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या रीतींनी टाइप केलेलं एकच अक्षर एकसारखं करायची सोय, लावलं तरी ती एक होत नाहीत. म्हणजे एका खात्याने एका पद्धतीने भरलं, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि दोन्ही याद्या अक्षराला अक्षर जुळवून पाहिल्या, की 'नाव जुळत नाही'. तो माणूस हातात दोन्ही कागद धरून उभा, दोन्हींवर एकच नाव, टेबलावरच्या क्लार्कलाही ते एकच दिसतं, आणि तरी अर्ज रिजेक्ट. हे दुरुस्त करायला एक छोटा नियम पुरतो, पण तो सगळ्या खात्यांनी मिळून एकच ठरवायला हवा, आणि ते काम तुमच्या खात्याचं आहे.

उपाय बाहेर झालेले आहेत. ब्रिटन सरकारने २०२२ मध्ये आपल्या मुख्य साइटवरून जेक्वेरी नावाची जुनी लायब्ररी काढली, वाचले फक्त ३२ केबीच्या आसपास, पण जुने फोन आणि हळू नेटवर्क वापरणाऱ्यांना फरक पडला आणि त्यांनी तो मोजूनही दाखवला. ३२ केबीसाठी एवढे कष्ट! आपल्याकडे बॅनरचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट असतो.

आणि सध्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये एआय आहे. मी स्वतः एआयकडून कोड लिहून घेतो, मला त्याचं वावडं नाही. पण तो कोड वाचणारा, पाच वर्षांनी दुरुस्त करणारा माणूस कोण हे कॉन्ट्रॅक्टमध्ये नसेल तर तो घेऊ नका, आणि सबमिट न होणाऱ्या फॉर्मच्या शेजारी चॅटबॉट बसवून फॉर्म सबमिट होत नसतो.

सगळ्यात जास्त मला कशाचा त्रास होतो सांगू? आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, चांगला कायदा आहे, ठरलेल्या दिवसांत सेवा मिळालीच पाहिजे असं तो म्हणतो. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज दाखल झाल्यावर. जो अर्ज पांढऱ्या स्क्रीनवर अडकला तो दाखलच झाला नाही, म्हणून उशीरही झाला नाही, म्हणून तुमच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये तो माणूस दिसत नाही. किती जणांनी अर्ज उघडला आणि किती जणांचा पूर्ण झाला, हा आकडा प्रत्येक पोर्टलच्या लॉगमधून, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींतून, काढता येतो. तो दर महिन्याला जाहीर करा. पानाच्या वजनाला मर्यादा घाला, आणि बिल पास करण्याआधी ते पोर्टल मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात, तिथल्याच माणसाच्या फोनवर, तिथल्याच नेटवर्कवर चालवून बघा. आणि तोपर्यंत तहसीलमधली कागदी अर्जाची खिडकी बंद करू नका.

सुरुवात कुठल्याही एका पोर्टलपासून करा, मोजून द्यायला माझ्यासारखे पुण्यात बरेच जुने लोक फुकट येतील.

आपला,
एक जुना प्रोग्रामर, पुणे