जुन्या डुकाटीला हात लावणं ही मोडतोड नव्हे

महोदय,

डुकाटी या इटालियन कंपनीच्या जुन्या मोटरसायकलींत फेरफार करणारे वर्कशॉपवाले वारशाची मोडतोड करतात, असा सूर आपल्या वाचकपत्रांत उमटला. लेथ आणि फिटिंगच्या कामात माझी पस्तीस वर्षं गेली. मला हे अजिबात पटलं नाही.

१९७४ च्या ज्या ७५० सुपर स्पोर्टला हात लावू नका म्हणतात, ती मुळात फेरफारातूनच जन्मली. २३ एप्रिल १९७२ ला इटलीतल्या इमोलाच्या दोनशे मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, तेव्हा त्यांच्या गाड्यांच्या चेसिसवर (सांगाड्यावर) मधला स्टँड बसवायचे कान तसेच होते! रस्त्यावरच्या गाडीची चेसिस घेऊनच डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ ताल्योनींनी रेसची गाडी उभी केली होती. १९७८ मध्ये अकरा वर्षांनी परतलेला रेसर माइक हेलवूड आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत ज्या डुकाटी ९०० वर जिंकला, तिच्यामागेही बोलोन्याच्या एनसीआर या छोट्या वर्कशॉपची मेहनत होती.

या इंजिनाचं काम सोपं नाही. व्हॉल्व्ह बंद करायला यात स्प्रिंगवर भिस्त नसते. एक रॉकर (छोटी तरफ) व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा तो ओढून बंद करतो. हे रॉकर हलवणारा कॅम फिरतो उभ्या शाफ्टवरच्या बेव्हल (शंकूच्या आकाराच्या) गिअरने. ते दात जुळवायचे म्हणजे शिम (पातळ चकती) घाला, फिरवून बघा, काढा, दुसरी घाला. ढिले राहिले तर खडखडतात, घट्ट बसले तर कण्हतात. कान तयार लागतो.

७५० सुपर स्पोर्टची मूळ टाकी फायबरग्लासची. पेट्रोल किती उरलं ते दिसावं म्हणून तिच्यावर रंग न मारलेली उभी पट्टी, फार देखणी. पण इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ते जुनं रेझिन मऊ पडतं आणि चिकटा कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. म्हणून कारागीर तोच आकार ॲल्युमिनियमच्या पत्र्यात ठोकून काढतात. गाडी चालती राहते, मूळ टाकी कोरडी करून जपून ठेवता येते. यात वारसा कुठे बुडाला?

चेसिस कापणाऱ्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. बोल्टने बसवलेली वस्तू उद्या काढता येते, ग्राइंडर लावलेल्या नळीचं तसं नाही.

अशा फेरफार केलेल्या गाडीचा फोटो छापाल तेव्हा काय बदललं, का बदललं आणि काढलेले भाग कुठे ठेवलेत, एवढं जरूर विचारा. आणि मालकाच्या नावाशेजारी ते गिअर जुळवणाऱ्या कारागिराचंही नाव द्या.

– एक निवृत्त फिटर