स्ट्रॉबेरी मून छापा, पण बेंदूरही छापा

मा. संपादक,

जून आला की पेपरात आणि मोबाईलवर सगळीकडं एकच बातमी, आज दिसणार स्ट्रॉबेरी मून! सोबत लालभडक चंद्राचा फोटो. आमच्या कॉलनीतली पोरं टेरेसवर जाऊन लाल चंद्र शोधत बसतात आणि नाराज होऊन खाली येतात, कारण या नावाचा रंगाशी काही संबंध नाही हे बातमीत कुणी सांगतच नाही. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडं जूनमध्ये रानटी स्ट्रॉबेरी पिकते म्हणून त्या पौर्णिमेला ते नाव. एप्रिलचा पिंक मून पण तसाच, तिकडं तेव्हा फ्लॉक्स नावाची गुलाबी रानफुलं येतात म्हणून.

नावं छानच आहेत, माझा विरोध नाही. हार्वेस्ट मूनचं कारण तर मला फार आवडतं. चंद्र एरवी रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, पण सप्टेंबरच्या (कधी ऑक्टोबरच्या) त्या पौर्णिमेच्या आसपास उत्तरेकडच्या देशांत २०-३० मिनिटांचाच फरक पडतो, म्हणजे सलग काही दिवस सूर्य मावळला की लगेच चंद्र हजर आणि शेतकऱ्याला रात्री पण कापणी करता येते. आपण विषुववृत्ताच्या जवळ, इथं हे तेवढं जाणवत नाही.

पण मग आपल्या पुनवेचं काय? जूनमध्ये बहुतेक वेळा ज्येष्ठ पौर्णिमा असते, बायका वडाला जातात आणि त्याच दिवशी इचलकरंजीकडं कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सण, बैलांची शिंगं रंगवून मिरवणूक, कर (आडवं बांधलेलं पानांचं तोरण) तोडायचा कार्यक्रम, पेरणीचे दिवस असतात ना. चैत्र पुनवेला रब्बीची सुगी आटपलेली असते आणि जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. नारळी पौर्णिमा म्हणजे खवळलेला दर्या शांत व्हायला लागला की कोळी बांधव नारळ वाहून होड्या पाण्यात घालतात. कोजागिरीला पाऊस सरून आभाळ मोकळं झालेलं असतं. त्रिपुरीला पंचगंगा घाटावर पणत्या. आणि चैत्र, कार्तिक ही महिन्यांची नावं पण पौर्णिमेचा चंद्र चित्रा, कृत्तिका यातल्या कुठल्या नक्षत्राजवळ असतो त्यावरूनच पडली, हे आजकाल शाळेतल्या किती पोरांना माहीत असेल?

म्हणून विनंती, स्ट्रॉबेरी मूनची बातमी जरूर द्या पण ते नाव कुठलं आणि का पडलं ते लिहा, आणि शेजारी आपल्या पुनवेचं नाव, त्या वेळी शेतात काय चाललंय ते पण चार ओळीत द्या. गावोगावच्या वयस्कर लोकांकडून अजून नावं मिळतील, वाचकांकडून मागवा. येत्या कोजागिरीपासून सुरू केलंत तर फार बरं होईल.

आपला एक नियमित वाचक,
कोल्हापूर