प्रोजेक्ट मार्चला संपते म्हणे

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

पांढरकवड्याच्या स्टँडवर चारचौघांत मी तुझ्या नोकरीवरून तसं बोलायला नको होतं. गाडी सुटली, तू खिडकीतून हातही हलवला नाही. बाबांना काही सांगितलं नाही. त्यांना वाटते तू हसत गेली.

नोकरीचा विषय आता काढणार नाही. तुझं म्हणणं पटलं, डिजिटल आरोग्याच्या संशोधनात प्रोजेक्टच असतात, एक संपला की दुसरा. पण हा मार्चला संपते आणि दुसऱ्याचं पत्र हाती नाही, हे मला बंड्याकडून कळावं? सतरा वर्षं झाली गावात आशा सेविका म्हणून फिरते, अजूनही पगार नाही, मोबदलाच. पर्मनंट नसणं काय असते, हे मला कोणी शिकवायला नको. पाहा, पुन्हा तेच सुरू केलं मी. माफ कर.

काल इंदूआजीचा आभा नंबर, म्हणजे तब्येतीच्या नोंदीचा सरकारी नंबर, काढायला गेली. आकडे चौदाच, पण सकाळ गेली त्यात. आधारला फोन जोडला लेकाचा, तो हैदराबादला सेंट्रिंगवर. ओटीपी त्याच्याकडे जाते. तो स्लॅबवर, मिस्त्री ओरडते, वाचून दाखवेपर्यंत वेळ संपते. तीनदा झालं असं. आजी म्हणे, "माह्या तब्येतीचा नंबर त्याच्या खिशात काऊन जाते वं?" दिवाळीत तू हेच विचारत वहीत लिहीत होती आणि मी म्हटलं, एवढं शिकून हेच लिहायचं का? चुकलं माझं. आजीचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेव. आणि हेही लिही की अॅपमध्ये भरलं तरी रजिस्टर सुटत नाही, आणि रेंजसाठी अजून पाण्याच्या टाकीपाशीच जावं लागते.

तू पाचवीत होती. नवजात बाळ घरी जाऊन तपासायचं प्रशिक्षण मी नवीनच घेतलं होतं. बंग डॉक्टरांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून बाळं वाचवली, तेच सरकारनं २०११ मध्ये देशभर आणलं. खालच्या वस्तीत तिसऱ्या दिवसाची भेट होती, लाईट गेलेली. एका हातात टॉर्च, एका हातात घड्याळ, असं तू धरलं. मी दुपटं सारून पोटाकडे पाहत श्वास मोजले. मिनिटाला साठ झाले की धोका. माझे आले ५८. तू म्हटलं, "आई, तू मधातच त्याच्या आजीशी बोलली, पुन्हा मोज." पुन्हा मोजले तर ७२. बाबांनी रात्री ऑटोवाल्याला उठवलं. ते पोट्टं आता आपल्याच धुऱ्यावरची बोरं पाडते. सांगितलेलं मुकाट्यानं मान्य करणारी तू नाही, हे तेव्हाच समजायला पाहिजे होतं मला.

परवा त्याच्या आईला मी सांगितलं, वैष्णवी बेंगलोरला आमच्यासारख्यांच्या फोनवरच संशोधन करते. तिनं विचारलं, पगार किती? मी म्हटलं, चांगला आहे. मार्चचं नाही बोलली.

जवसाची चटणी बॅगच्या खालच्या कप्प्यात आहे. वावरात कापसाची सीतादही पूजा झाली, तुझ्या वाटचा प्रसाद बाबांनी खाल्ला. रात्री जागू नको.

तुझी,
आई

ता. क. तालुक्याला एक जागा निघाली म्हणतात, पर्मनंट. जाहिरातीचा फोटो बंड्या पाठवते. भरू नको, नुसती पाहा.