लिथियम बॅटरीचा पॅक उघडता आला पाहिजे, रिसायकलिंगचं नंतर बोलू

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात इलेक्ट्रिक गाड्यांवर आणि नव्या मोबाईलवर भरपूर छापून येतं, रेंज किती, चार्जिंगला वेळ किती, सगळं येतं, पण काही वर्षांनी ती बॅटरी काढली की तिचं पुढे काय करायचं यावर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी बॅटरी पॅक दुरुस्तीचं काम करतो. माझं मागणं एकच आहे, पॅक धडपणे उघडता आला पाहिजे आणि त्याच्या आतली माहिती वाचता आली पाहिजे, आणि हे कंपनीच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बंधनकारक पाहिजे.

का ते सांगतो. गाडीची बॅटरी साधारण ७० ते ८० टक्के कपॅसिटीवर आली की ती गाडीच्या कामाची राहिली नाही असं धरतात. म्हणजे बराचसा जीव अजून शिल्लक असतो! गाडीला एकदम जास्त करंट लागतो, वजन आणि जागा मोजकीच असते, तिथे ती कमी पडते इतकंच. पण दिवसा सोलरची वीज साठवायची आणि रात्री हळूहळू वापरायची अशा कामाला तीच बॅटरी अजून कित्येक वर्षं चालू शकते, कारण एका जागी ठेवलेल्या बॅटरीचं वजन कोण बघतंय. आणि हे नुसतं कागदावर नाही, ॲम्सटरडॅमच्या योहान क्रायफ अरेना या फुटबॉल स्टेडियममध्ये २०१८ पासून ३ मेगावॅटची साठवण यंत्रणा आहे, १४८ निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांएवढी, आणि त्यात गाड्यांतून काढलेल्या जुन्या बॅटऱ्याही वापरल्यात.

मग सगळीकडे असं का होत नाही? कारण पॅक हातात आल्यावर आत काय आहे तेच कळत नाही. पॅकमध्ये सेलचे, म्हणजे आतल्या सुट्या छोट्या बॅटऱ्यांचे, ग्रुप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक ग्रुप कमजोर झाला की तो आधी रिकामा होतो आणि बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट, अख्खा पॅक बंद करतं, एक बैल बसला की अख्खी गाडी थांबते तसं. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी मेली. उघडून बघावं तर खूपदा एखादाच ग्रुप गेलेला असतो आणि बाकीचे सेल ठणठणीत. पण उघडायचं कसं, आत सगळं फोम नाहीतर इपॉक्सी ओतून घट्ट केलेलं, सेल स्पॉट वेल्डिंगने पट्टीला चिकटलेले, जोर लावून काढायला गेलं की चांगल्या सेललाच भोक पडायची भीती, आणि लिथियम सेलला भोक म्हणजे आग. मोबाईलमध्ये तर बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते, ती उचकटताना वाकली तरी धोका.

दुसरी अडचण माहितीची. चार्ज-डिस्चार्जचे किती सायकल झाले, किती गरम झाली, कुठल्या सेलचं व्होल्टेज पडत होतं यातलं बरंचसं बीएमएसला माहीत असतं. पण ते सॉफ्टवेअरच्या कुलपात बंद. मग आम्ही काय करतो तर प्रत्येक सेल पूर्ण चार्ज करा, पूर्ण डिस्चार्ज करा, कपॅसिटी मोजा, इंटर्नल रेझिस्टन्स, म्हणजे सेलच्या आतला करंटला होणारा अडथळा, बघा. यात तासन् तास जातात, आणि इतकी मजुरी घालून जुना सेल विकण्यापेक्षा नवा स्वस्त पडतो. पूर्ण हिस्टरी मिळाली तर निम्मी तपासणी लागणारच नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो, सगळेच जुने सेल परत वापरायचे नसतात. ज्या सेलचं व्होल्टेज फार खाली गेलंय आणि तो तसाच पडून राहिलाय, त्याच्या आतल्या तांब्याच्या फॉईलमधलं तांबं विरघळायला लागतं आणि परत चार्ज करताना ते भलत्या ठिकाणी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. वरून सेल एकदम चांगला दिसतो! फुगलेल्या सेलचा तर विचारच करू नका. व्हिडिओ बघून कुठले कुठले सेल एकत्र जोडून घरी पॅक बनवणारी पोरं बघितली की मला खरंच काळजी वाटते, म्हणून पण म्हणतो की हे काम शिकलेल्या माणसाने, माहिती हातात घेऊन करावं.

ज्यांचं खरंच संपलंय ते रिसायकलिंगला गेले पाहिजेत, यात वाद नाही. तिथे आधी डिस्चार्ज करतात, मग आग लागू नये म्हणून नायट्रोजनमध्ये किंवा पाण्याखाली वगैरे तुकडे करतात, तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक वेगळं करतात आणि उरते ती काळी पावडर, तिला ब्लॅक मास म्हणतात. खरा माल त्यात, निकेल, कोबाल्ट, लिथियम, मँगनीज, ग्राफाईट. ती ॲसिडमध्ये विरघळवून एकेक धातू काढतात. दुसरी पद्धत भट्टीची, त्यात कोबाल्ट, निकेल, तांबं मिळतं पण ग्राफाईट जळून जातं आणि लिथियम, ॲल्युमिनियम मळीत, म्हणजे भट्टीत धातूवर उरणाऱ्या स्लॅगमध्ये जातं, मळीतून लिथियम काढता येतं पण त्याला वेगळा खटाटोप. जगातला निम्म्याहून बराच जास्त कोबाल्ट एकट्या काँगोमधून निघतो आणि तिथल्या काही खाणींमध्ये लहान मुलं काम करतात, तेव्हा एकदा काढलेला कोबाल्ट परत मिळवणं गरजेचंच आहे.

पण एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट पण नाही आणि निकेल पण नाही, लोखंड आणि फॉस्फेट. ती तोडून रिसायकलरच्या हाताला फार काही लागत नाही. आणि नेमक्या याच बॅटऱ्या चार्ज-डिस्चार्जचे जास्त सायकल टिकतात, त्यामुळे त्या तोडायच्या आधी दुसऱ्या कामाला लावणं जास्त शहाणपणाचं. यासाठी निदान पॅकवर आतली केमिस्ट्री ठळक लिहा ना! लेड ॲसिडची बॅटरी गोळा होऊन जवळजवळ पूर्ण रिसायकल होऊ शकते कारण सगळ्यांची रचना सारखी, शिसं, ॲसिड, प्लॅस्टिकचा डबा. इथे कुणाचे गोल सेल, कुणाचे चौकोनी, कुणाचे पिशवीसारखे पाऊच, आणि आत काय भरलंय ते लेबलवर धड नसतं.

युरोपियन युनियनने २०२३ मध्ये कायदा केला. त्याप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून मोबाईलसारख्या वस्तूंची बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्यालाच काढता आली पाहिजे, आणि गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट येतोय ज्यात तिची माहिती असेल. टाकाऊ बॅटरीतलं लिथियम २०२७ अखेर ५० टक्के आणि २०३१ अखेर ८० टक्के परत मिळवायचं असंही त्यात आहे. मला त्यातली पहिली दोन कलमं जास्त महत्त्वाची वाटतात. कंपन्या म्हणतात गोंद लावला नाही तर पाणी जाईल, मजबुती राहणार नाही. अहो पण रबरी गॅस्केट आणि स्क्रू लावून वॉटरप्रूफ वस्तू बनतातच की. गाडीच्या पॅकला खास टूल लागत असेल तर लागू दे, व्होल्टेज जास्त असतं त्यामुळे कुणीही उघडावा असं मी म्हणतच नाही, पण ट्रेनिंग घेतलेल्या मेकॅनिकला ते टूल आणि सॉफ्टवेअर मिळालं पाहिजे. हल्ली तर मॉड्यूल, म्हणजे पॅकच्या आतले सेलचे वेगळे निघणारे डबे, काढून टाकून सेल थेट पॅकमध्ये चिकटवतात, रेंज वाढते हे खरं, पण एक सेल गेला की अख्खा पॅक भंगार.

वाचकांना पण एक विनंती, जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. गाडीत कचरा दाबताना ती चेपते आणि पेट घेते, विझली असं वाटून परत पेटते, आणि धुरात हायड्रोजन फ्लोराईडसारखा विषारी वायू असतो. टोकांना चिकटपट्टी लावा, फुगलेली असेल तर जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि इ-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आणि साहेब, तुम्ही नव्या गाडीचा किंवा मोबाईलचा रिव्ह्यू छापता तेव्हा त्यात दोन ओळी वाढवा, बॅटरी स्क्रूने निघते की गोंदाने चिकटवलीये, आणि संपल्यावर कंपनी परत घेते का. कंपनीला विचारून तिचं उत्तर जसंच्या तसं छापा, उत्तर दिलं नाही तर तेही छापा.

आपला,
एक बॅटरी दुरुस्ती करणारा वाचक