नावं तुमच्या खात्याकडे असतात

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात टीवायबीएला आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. ‘मानवी सुरक्षा’ हा परीक्षेतला हमखास प्रश्न. मुलं सात मुद्दे पाठ करून येतात: आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, वैयक्तिक, सामुदायिक, राजकीय. यादी संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या मानव विकास अहवालातली. तो ज्यांच्या देखरेखीखाली निघाला ते महबूब उल हक पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री, हे सांगितलं की वर्गात कुजबुज होतेच. सीमा राखली म्हणजे आतला माणूस राखला गेला असं नव्हे, एवढं त्यांचं साधं म्हणणं.

यंदा फळ्यावर ते सात शब्द लिहीत होते, तेव्हा डहाणूकडची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, माझा मामा कराचीच्या जेलमध्ये आहे. तो यातल्या कशात बसतो?” मामा गुजरातेतल्या ओख्याच्या मासेमारी बोटीवर खलाशी होता. मी म्हटलं, वैयक्तिक. मग कळलं, मामी वीटभट्टीवर जाते, थोरल्याने शाळा सोडली. मी आर्थिकखाली रेघ मारली आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

२००८च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या दिवशी मामी भाचीला फोन करते, “टीव्हीवर काय आलं?” टीव्हीवर आकडा येतो. नावं तुमच्या खात्याकडे असतात.

२६/११ आम्ही मुंबईकर विसरलेलो नाही. समुद्रावर पहारा हवाच. पण त्या हल्ल्यातले १६६ मोजताना दहशतवाद्यांनी पळवलेल्या ‘कुबेर’ या मासेमारी बोटीवरचे खलाशी पटकन आठवत नाहीत. दहशतवाद्यांनी त्यांना मुंबईत उतरण्याआधीच मारलं होतं.

आणि पाण्यावर काही रेघ आखलेली नसते. गुजरात आणि सिंधमधल्या सर क्रीक खाडीच्या हद्दीचा वाद दोन्ही सरकारांना सुटलेला नाही, तो बोट हाकणाऱ्या तांडेलाने कसा सोडवायचा? संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम ७३ सांगतं की दुसऱ्या देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या मासळीवर त्या देशाचा हक्क असतो त्या समुद्रात, मासेमारीचा नियम मोडला, तर त्या देशांत वेगळा करार नसल्यास तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. हा करार भारताने १९९५ साली स्वीकारला, पाकिस्तानने १९९७ साली. त्यांचेही मच्छीमार आपल्या तुरुंगांत आहेत, तेव्हा त्यांना सोडून सुरुवात आपण केली तर काय बिघडलं?

शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात सुटका, असं २००८च्याच करारात आहे. कैद्यांना माणुसकीने वागवलं जातं का, शिक्षा संपलेले लवकर सुटतात का, हे बघायला दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती होती. २०१३नंतर ती थंडावली. २०१८मध्ये पुन्हा सुरू करायचं ठरलं, पण न्यायाधीश काही तुरुंगांत गेले नाहीत. त्यांना पाठवा.

तोवर एवढं तरी करा. येत्या यादीतली नावं पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर लावा. मराठीत, ठळक अक्षरांत.

आपली,
राज्यशास्त्राची एक प्राध्यापिका, मुंबई